न सुटणारी ड्यूटी

ता. ९, सोमवार
पंपिंग स्टेशन

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, तुझ्याकडेही असावं. पत्राची सुरुवात अशीच करायची असते हे तूच मला शिकवलंस. त्यामुळे पुढे कुठे काही ठीक नाही असं दिसलं तर ओरडू नकोस.

फोन का केला नाही म्हणशील. एक तर आमचे फोन गेटवरच्या खणात पडलेत. आत गॅस असतो, ठिणगी नको, म्हणून फोन आत आणायचा नाही हा इथला पहिल्यापासूनचा नियम. आणि दुसरं म्हणजे मागे मी फोन केला तेव्हा "या प्रकरणात मला समोरच्या पक्षाशी बोलता येत नाही" असं म्हणून तू ठेवून दिलास. मी समोरचा पक्ष! माझ्या ताटातली भाजी तू वर्षानुवर्षं पळवलीस तेव्हा नव्हतो वाटतं मी समोरचा पक्ष. असो. पत्र लिहायला बंदी आहे असं माझ्या वाचनात नाही, कायदा तुला जास्त कळतो. ही रोज डबा घेऊन गेटवर येते. रिकाम्या डब्यातून हे पत्र बाहेर जाईल आणि ती पोस्टात टाकेल. कागदाला तेलाचा वास आला तर डब्याला नावं ठेवू नकोस, तो वास माझा आहे.

तर बातमी अशी की माझी ड्यूटी सुटत नाहीये.

सरकारने आमच्या तेल कंपनीचा करार रद्द केला हे आम्हाला रेडिओवर कळलं. सरकारतर्फे हे प्रकरण तूच बघतेस, तुझ्या तर टेबलावरूनच तो कागद गेला असणार. माझी सकाळची पाळी तेव्हा संपत आली होती. दुपारचा पाळीवाला पिशवी घेऊन गेटवर हजर होता. तेवढ्यात कंपनीच्या मुख्य ऑफिसातून निरोप आला की आत आहे त्याने बाहेर पडायचं नाही, कोणाला चार्ज द्यायचा नाही. चार्ज दिला की ताबा सोडल्यासारखं होईल. मी काही विचारीपर्यंत पोलिसांची गाडी आली. त्यांचा हुकूम असा की कंपनीचा नवा माणूस आत जाऊ द्यायचा नाही; तो गेला की कंपनीचा ताबा अजून चालू आहे असं होईल. दुपारचा पाळीवाला मला कुंपणातून हात करून घरी निघून गेला. तेव्हापासून माझी सकाळची पाळी चालूच आहे.

आत आम्ही दोघंच, मी आणि मिस्त्री. मिस्त्री म्हणजे आमचा जुना फिटर. बोलतो कमी, कुरकुरतो जास्त. एक जण मीटर बघतो तेव्हा दुसरा बाकावर आडवा होतो. बाक इतका अरुंद आहे की कूस बदलायची तर आधी उठावं लागतं. मागच्या अतिथिगृहात कंपनीचा परदेशी साहेबही आहे, पण तो दिवसभर वायरलेसवर असतो आणि इतर वेळी बॅग भरत असतो.

तू करार पुष्कळ वाचलेस, आता तेलाचं थोडं ऐक. आमचं तेल पाण्यासारखं वाहणारं नाही. मेणबत्तीचं मेण असतं तसं आहे, गरम आहे तोवर वाहतं आणि गार झालं की थिजतं. विहिरींपासून बंदरापर्यंत लाइन जमिनीखालून जाते आणि मध्ये आमचं स्टेशन ते तेल पुन्हा तापवून पुढे ढकलतं. विहिरींवरही आमच्यासारखेच दोघं-तिघं अडकलेत, ते थोडं थोडं तेल सोडत राहतात. ते गरम राहिलं आणि हलत राहिलं की झालं. हीटरचं इंधन मात्र बाहेरून टँकरने येतं. हीटर विझला तर दोन-तीन दिवसांत सगळी लाइन आतून घट्ट होईल आणि मग जगातला कुठलाही पंप ती हलवू शकणार नाही. पाइप उकरून फेकून द्यायचा, दुसरं काही नाही. म्हणून मी इथे बसलोय. हौस म्हणून बसलो असतो तर गोष्ट वेगळी.

चार्ज म्हणजे काय, हेही सांगतो, कारण तुमच्या कागदांत हा शब्द फार येतो. आमच्याकडे हीटरमधून तापून परत येणाऱ्या तेलाच्या पाइपावर एका जागी वरचं आवरण कापलेलं आहे, ताटाएवढं. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा, दोघंही तिथे तळहात ठेवतात. जाणारा विचारतो, "ऊब आहे?" येणारा नीट अंदाज घेऊन म्हणतो, "आहे." त्याने "आहे" म्हटल्याशिवाय जाणाऱ्याने जागचं हलायचं नाही. सह्या नंतर, चहा त्याच्याही नंतर. मीटर असताना हात कशाला, असं सुरुवातीला मीही विचारलं होतं. मिस्त्री म्हणाला, "मीटर बघून माणूस डुलकी काढतो. हात ठेवल्यावर काढून दाखव." साहेब पहिल्यांदा हसला होता. पुढे तोही हात ठेवायला लागला. ती जागा इतक्या हातांनी घासून चकचकीत झाली आहे.

आई गेल्यावर घर आवरताना तू मला "त्यांचा माणूस" म्हणालीस, ते अजून डोक्यातून जात नाही. अगं, करार वाईट होता हे मी तुझ्याआधी म्हणत होतो. सरकार अडचणीत असताना त्यांनी तो गळ्यात मारला, आणि भाव वाढल्यावर आपला वाटा वाढवायची वेळ आली तेव्हा कानावर हात ठेवले. तू त्यांना कोर्टात खेच, परदेशातल्या लवादापुढे उभं कर, माझी काही हरकत नाही. फक्त लाइन त्यांची नाही आणि तुझीही नाही असं मला वाटतं. म्हणजे कोणाची, ते विचारू नकोस. मला नीट सांगता येणार नाही.

तर एवढंच कर. चार्ज घ्यायला कोणाला तरी पाठव. कोणीही चालेल, त्याचे हात शाबूत असले म्हणजे झालं.

तू ज्याला चुळबुळ्या म्हणायचीस आणि शाळेत ज्याला एका जागी बसवायला बाईंच्या नाकी नऊ यायचे, तो इथे एकाच खुर्चीवर बसून आहे. आई असती तर दृष्ट काढली असती.

तुझा
चुळबुळ्या


ता. १३, शुक्रवार
पंपिंग स्टेशन

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. स्वेटर मिळाला, संत्री मिळाली. स्वेटर जरा घट्ट होतो, तुझ्या मनात मी अजून त्या मापाचा आहे याचा आनंद झाला. संत्री मिस्त्रीने आणि मी मिळून संपवली. सालं हीटरच्या खोलीत ठेवलीत, वास चांगला येतो.

तुझ्या ऑफिसातला तो चष्मेवाला बिचारा फार सभ्य आहे. आत यायची त्याला तुमच्याच ऑफिसची परवानगी नाही म्हणून हवालदाराने त्याला कुंपणाबाहेर खुर्ची टाकून दिली. मी आत तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसलो. तुरुंगात भेटायला आल्यासारखं वाटत होतं, फक्त कैदी कोण हे दोघांनाही ठरवता येईना. बराच वेळ बसला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. इकडे वारा फार सुटतो, त्याचे केस उडत होते. तुझी तब्येत बरी आहे म्हणाला. हवापाण्याच्याच गप्पा झाल्या.

साहेब मात्र गेला. काल. त्याच्याबद्दल सावकाश लिहितो.

इतकी वर्षं इथे काढून आपल्या भाषेतली दोनच वाक्यं त्याला नीट आली, "चला चला" आणि "उद्या बघू". बाकीचं सगळं तो हातवाऱ्यांनी भागवायचा आणि आम्हाला कळायचं. माणूस वाईट नव्हता. माझ्या मुलीला ताप होता तेव्हा त्याने स्वतःची गाडी दिली होती, हे मी विसरत नाही. काल बॅग घेऊन कंट्रोल रूममध्ये आला. मला वाटलं निरोप घेतोय. मी उठून उभा राहिलो. तो हातवारे न करता सरळ स्वतःच्या भाषेत, जी मला कामापुरती कळते, म्हणाला, "आता तू काही करू नकोस."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"इंधन संपत आलंय ना? संपू दे. तू काही बिघडवू नकोस, काही बंद करू नकोस. फक्त काही करू नकोस."

मग खुर्चीत बसून त्याने मला समजावलं, मी लहान मूल असल्यासारखं. करार रद्द झाल्यानंतर लाइन थिजली तर ती सरकारमुळे थिजली. मग लवादापुढे कंपनी पूर्ण लाइनची भरपाई मागू शकते. चालती लाइन परत मिळाली तर मिळणार ती फक्त लाइन. थिजलेली लाइन जास्त मोलाची आहे, आमच्या वकिलांनी हिशोब केलाय, म्हणाला. तुला दुसऱ्या देशात बदली देऊ, बायको-मुलीला घेऊन ये, तिथे समुद्र आहे. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. जाताना सवयीने पाइपाकडे वळला, हात पुढे केला आणि परत खिशात घातला.

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुझ्या हातात पडणारं पत्र आहे. मिस्त्री म्हणाला की त्याला माझ्याकडे इतके शब्द असतील असं वाटलं नव्हतं. गाडी गेटबाहेर गेली तरी माझं तोंड चालूच होतं. नंतर दिवसभर मी पंपापासून हीटरपर्यंत आणि हीटरपासून पंपापर्यंत फेऱ्या मारल्या, जेवलो नाही. ज्या माणसाने बारा महिने तेरा काळ आमच्याबरोबर त्या पाइपावर हात ठेवला त्याच्या तोंडातून हे यावं याचा मला राग आहे, ताई. चीड आहे. वकील असतील तसले, पण याने तरी हात लावला होता.

बरं, दुसरी बातमी. तू माणूस पाठवलास, त्याबद्दल आभार मानायचे की नाही ते कळत नाही. बाई आहे. सरकारी तेल खात्यातली इंजिनिअर. कुंपणाबाहेर जीप उभी करून माणसांसकट बसली आहे. मिस्त्री तिला "जीपवाली" म्हणतो. पहिल्या दिवशी माझ्याशी बोलेना, दुसऱ्या दिवशी विचारलं, "किती तापमान ठेवलंय?" मी सांगितलं. तिने मान हलवली. तिसऱ्या दिवशी तिने न विचारता मीच ओरडून सांगितलं. आता आमचं बरं चाललंय. तिला काम येतं, प्रश्नावरून कळतं.

गंमत पुढे आहे. तिने स्वतःच्या हिमतीवर हीटरसाठी इंधनाचा टँकर आणलाय. तो गेटसमोर भरलेला उभा आहे, ड्रायव्हर खाली सतरंजी टाकून पत्ते पिसतो. आत का येत नाही? कारण पावतीवर सही कोण करणार! मी सही केली तर कंपनीने सरकारचं इंधन स्वीकारलं असं होईल आणि कंपनी मला हाकलेल. तिने सही केली तर सरकारने स्टेशनचा चार्ज घेतला असं होईल आणि तिला तसा हुकूम नाही. आधी दोन्ही पक्षांची संयुक्त पाहणी, मग कंपनीची सही, मग चार्ज. कंपनीचा सही करणारा माणूस तर काल बॅग घेऊन गेला.

म्हणजे आत हीटर उपाशी आणि दारात भरलं ताट. मी गेटपाशी जातो, टँकरकडे बघतो, परत येतो. परत जातो. हवालदार म्हणतो, "अहो, बसा की जरा, मला गरगरायला लागलं."

इंधन मी चिमटीने वापरतोय. आच कमी केली आहे. लाइन अजून गरम आहे पण पूर्वीसारखा हात मागे घ्यावा लागत नाही.

ताई, तुला एक विचारायचं होतं. आत्ता नको. चष्मेवाल्याला माझा नमस्कार सांग. स्वेटर घातलाय.

तुझा
चुळबुळ्या


ता. १६, सोमवार
घर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

वर "घर" लिहिलंय ते वाचलंस ना? हो, घरून लिहितोय. ही म्हणते झोप आधी. झोपलो होतो, काल दुपारपासून आज उजाडेपर्यंत. मुलीने मध्ये येऊन नाकाखाली बोट धरून श्वास तपासला म्हणे. आता अंथरुणात बसवत नाही म्हणून उठलो.

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं वागलो. चष्मेवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा झाल्या नव्हत्या. म्हणजे वारा होता, केस उडत होते, तेवढं खरं. संत्री कुंपणातून एकेक करून देताना तो खाली मान घालून म्हणाला, "ताईंनी सांगितलंय, लाइनचं फार जिवाला लावून घेऊ नका. थिजली तर थिजू दे. कंपनीचा माणूस आत असताना थिजली तर निष्काळजीपणा कंपनीचा ठरतो, आपली बाजू पक्की होते. तुमच्यावर काही येऊ देणार नाही असा शब्द दिलाय त्यांनी."

मी त्याला दोनदा विचारलं, हे ताई म्हणाली? त्याने दोनदा हो म्हटलं. मग स्वेटर दिला.

साहेब आदल्या दिवशी हेच म्हणाला होता. फक्त दोष कोणाच्या गळ्यात पडणार तेवढं उलटं. त्याच्यावर मी तोंडसुख घेतलं, पत्रात पानभर लिहिलं, आणि तुझा निरोप मात्र गिळून टाकला. सालं हीटरच्या खोलीत ठेवलीत, वास चांगला येतो, असलं काहीबाही लिहीत बसलो. तो स्वेटर अंगात घालून मी फेऱ्या मारत होतो आणि मला तो काढवतही नव्हता, अंगात ठेववतही नव्हता. राग तर आलाच. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं की तू प्रेमानेही निरोप पाठवला होतास. दोन्ही खरं होतं. मला खरंच वाचवणार होतीस तू, आणि लाइन खरंच मारणार होतीस.

मला वाटलं चष्मेवाल्याने पदरचं घातलं असेल. तशी मी मनाची समजूत घालत होतो. शनिवारपर्यंत घातली.

रविवारी सकाळी मिस्त्री पाइपावर हात ठेवून उभा होता. मी तोंड धुऊन आलो तरी तो तसाच. मी माझा हात ठेवला. तो म्हणाला, "कोमट."

हा शब्द आमच्या स्टेशनात मी कधी ऐकला नव्हता. हीटरची ज्योत निळी, बोटभर राहिली होती. टाकीच्या तळाशी जे होतं ते दुपारपर्यंतही पुरलं नसतं. पंप जड आवाज करायला लागला होता, दम लागलेल्या माणसासारखा. मिस्त्री माझ्याकडे बघत होता. मी गेटकडे चालायला लागलो, मग धावलो.

जीपवाली उभीच होती. तिलाही पंपाचा आवाज ऐकू येत होता. मी म्हटलं, "बाई, आत या आणि चार्ज घ्या."

ती म्हणाली, "दादा, मला हुकूम नाही."

"हुकूम कोणाचा?"

तिने घडी घातलेला कागद कुंपणाला लावून धरला. संयुक्त पाहणी आणि कंपनीची सही झाल्याशिवाय कोणत्याही स्थितीत चार्ज घेऊ नये. कोणत्याही स्थितीत, याच्याखाली रेघ मारली होती. आणि सही तुझी. शेवटच्या अक्षराला मागे ओढून नावाखालून नेलेली ती रेघ. माझ्या प्रगतिपुस्तकावर आई आजारी होती तेव्हा पालक म्हणून तू केली होतीस तीच. चष्मेवाल्याने पदरचं काही घातलं नव्हतं.

मी जाळीला धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. सही ओळखीची आहे."

तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं. आपलं आडनाव तिला माहीत होतं. म्हणाली, "मी आत आले तर माझी नोकरी जाईल."

मी म्हटलं, "माझी गेल्यातच जमा आहे. सोबत होईल."

ती हसली नाही. जीपला एक चक्कर मारून आली, टँकरच्या ड्रायव्हरशी काहीतरी बोलली, परत आली. "लाइन गेली तर पुन्हा घालायला किती वर्षं?" असं विचारलं, पण तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग हवालदाराकडे वळून म्हणाली, "मला आत जायचंय."

हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, "मला सांगितलंय की कंपनीचा माणूस आत सोडायचा नाही. तुम्ही सरकारी. सरकारला अडवा असं अजून कोणी बोललेलं नाही." आणि कडी काढली.

मी तिला पाइपापाशी नेलं. काय करायचं ते सांगितलं. तिने आधी मीटर पाहिलं, मग बाही वर करून तळहात ठेवला. मी माझा शेजारी ठेवला. विचारलं, "ऊब आहे?"

आमच्यात हात पोळायच्या आत "आहे" म्हणतात. तिने तसं म्हटलं नाही. डोळे मिटून बराच वेळ हात तसाच ठेवला. मिस्त्री मागे चुळबुळत होता, चक्क मिस्त्री! मग ती म्हणाली, "थोडी आहे. टँकर आत घ्या."

तिनेच पावतीवर सही केली. ड्रायव्हरने पत्ते तसेच सतरंजीवर टाकले. तिची माणसं नळी ओढत आत आली आणि हीटरने जो आवाज केला, ताई, तो ऐकून मिस्त्री तोंड फिरवून भिंतीशी जाऊन उभा राहिला. दुपारी मी निघालो तेव्हा पाइपावर हात ठेवून दाखव म्हटलं असतं तर तुला ठेवता आला नसता. मिस्त्री थांबलाय. म्हणतो, बाईला पंपाच्या खोडी कळेपर्यंत मी घरी जाऊन काय करू.

आज सकाळी कंपनीचा कागद आला. अपेक्षित होता. बदली नाही, समुद्र नाही, नोकरीही नाही. हिने वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "चहा घेणार का?" तिचा आवाज बरा होता पण साखर घालायला विसरली.

आणि आत्ता हवालदाराकडून निरोप आला की जीपवालीला खुलासा द्यायला बोलावलंय. तुझ्याच समोर. म्हणून हे पत्र डब्यातून नाही, मुलीच्या हाती देऊन थेट तुझ्या घरी पाठवतोय. दारातून परत पाठवू नकोस, ती तुझी भाची आहे, समोरचा पक्ष नाही.

त्या बाईला विचारायचं असेल तर एवढंच विचार, "तू हात ठेवलास तेव्हा हाताला काय लागलं?" तिच्या उत्तराच्या आड येऊ नकोस. तिला शिक्षा केलीस तर मी तुझ्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसेन, आणि आता मला बसता येतं.

दुसरं सांगायचं ते सांगायला सगळं पत्र गेलं. लवादाची तारीख लागेल तेव्हा मी साक्षीला जाणार आहे. कंपनीतर्फे नाही, कंपनी मला उभं करणारच नाही. स्वतःहून जाणार. करार वाईट होता हे सांगेन. साहेब जाताना काय म्हणाला ते सांगेन. आणि कोणी विचारो न विचारो, तू संत्र्यांबरोबर काय निरोप पाठवलास तेही सांगेन. त्याने तुझी खुर्ची जाईल, कदाचित सरकारची बाजूही लंगडी पडेल. मला ठाऊक आहे. भरल्या सभेत माझ्या तोंडून ऐकून तुझा चेहरा कसा होईल ते माझ्या डोळ्यांसमोर येतं आणि मला बसवत नाही, हे लिहिताना चार वेळा उठून आलोय. म्हणून आधी तुला सांगतोय. तारखेला वेळ आहे. तू स्वतःच सांगितलंस, तर मला सांगावं लागणार नाही.

मला टायफॉइड झाला होता, आठवतं? डॉक्टरांनी थर्मामीटर दिला होता, तू तो कपाटावर टाकून दिलास. म्हणायचीस, काचेला काय कळतंय. माझ्या कपाळावर तळहात ठेवून बसून राहायचीस, हात अवघडला तर दुसरा ठेवायचीस, पण उठायची नाहीस. मिस्त्रीने मला पाइपावर हात ठेवायला शिकवलं असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर मला ते आधीपासून येत होतं. तुला यायचं, म्हणून मला येत होतं. तीच तू "थिजू दे" म्हणालीस यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही, सही डोळ्यांनी पाहिली तरी.

लाइन मी दिली. ती आता चांगल्या हातात आहे, काळजी करू नकोस. माझ्याकडे उरलंय ते तुझं आणि माझं, ते तुझ्या हातात देतो आहे.

ऊब आहे, ताई?

तू "आहे" म्हणेपर्यंत जागचा न हलणारा,
तुझा
चुळबुळ्या